सोसायटीत काय येतं, काय जातं: महिन्याभराचा लिटर-किलो-युनिटांचा ताळेबंद

नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली, बेलापूर ते दिघा पट्ट्यातली शंभर फ्लॅटची, चारशे माणसांची एखादी सोसायटी घ्या. पाणी मोरबे धरणाचं, भोकरपाड्याला शुद्ध झालेलं. वीज महावितरणची, पाइपचा गॅस महानगर गॅसचा, भाजी-फळं बहुतेक वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, फिरत आलेली. कचरा तुर्भ्याला जातो. अख्ख्या शहराचा हिशोब एकट्यादुकट्याला झेपत नाही, पण एका गेटच्या आतला महिन्याभरात नक्की मांडता येतो.

१९६५ साली एबल वोल्मन या अमेरिकी अभियंत्याने दहा लाख वस्तीच्या कल्पित शहराचा असा हिशोब केला होता: रोज ६,२५,००० टन पाणी, ९,५०० टन इंधन, २,००० टन अन्न. वजनात ९८ टक्के पाणीच! म्हणून पाण्याला वेगळं पान द्या, नाहीतर बाकीचे आकडे त्यात दिसेनासे होतात.

पाणी

महिनाभर रोज ठरल्या वेळी मुख्य मीटरचं रीडिंग घ्या. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. टँकर आले तर ते वेगळे लिहा. टँकरवाला सांगतो तो आकडा लिहू नका, खालच्या टाकीची पातळी किती चढली ते पट्टीने मोजा. ६ × ४ मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे २४० लिटर. टँकर उतरत असताना पंप आणि पालिकेचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद हवेत.

सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा, म्हणजे चारशे जणांना ५४,००० लिटर. मोजणी ७५,००० वर गेली तर लोकांना उपदेश करण्याआधी रात्रीची चाचणी घ्या. रात्री १ ते ४ पंप बंद ठेवा आणि वरच्या टाकीची पातळी दोनदा मोजा. टाकी ५ × ३ मीटरची आणि पातळी ८ सेंटिमीटर उतरली, तर १,२०० लिटर गेले, तासाला ४००. हीच गळती दिवसभर चालू राहिली तर ९,६०० लिटर. ऐरोली-महापेला रात्रपाळी करणारे लोक असतात, तेव्हा थोडा वापर सोडून द्या. पण एवढं पाणी आंघोळीचं नसतं. दुसऱ्या रात्री एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. दोषी बहुतेकदा फ्लशच्या टाकीतला झिजलेला वॉशर निघतो. त्याची गळती भांड्यातून गुपचूप जाते, ना भिंत ओली होते ना कोणी तक्रार करतं.

वीज आणि इंधन

पंपाची वीज हा पाण्याच्या हिशोबाचा साक्षीदार. १ घनमीटर पाणी १ मीटर वर न्यायला ०.००२७ युनिट लागतं. ५४ घनमीटर पाणी ४५ मीटर चढवायला साधारण ६.६ युनिट. पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता निम्मी धरली तर रोज १३ युनिट, म्हणजे ५ एचपीचा पंप साडेतीन तास. पंप सहा तास चालत असेल आणि मीटरवर पाणी तेवढंच असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. तो नीट बसत नसला की पंप थांबताच वर चढवलेलं पाणी त्याच पाइपातून खाली येतं. तो ठीक निघाला तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, झिजलेला असू शकतो.

कॉमन मीटरच्या बिलावर ‘गुणक अवयव’ बघा. सीटी मीटर (करंट ट्रान्सफॉर्मरमधून मोजणारा) असेल तर दोन रीडिंगमधला फरक त्याने गुणावा लागतो; हे विसरलात तर हिशोब अनेक पटींनी चुकतो. छतावर सौर पॅनल असतील तर बिलावरचे निव्वळ युनिट म्हणजे वापर नव्हे. खरा वापर = पॅनलची निर्मिती + ग्रिडमधून घेतलेले − ग्रिडला दिलेले. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा आणि सगळं रोजावर आणा. गॅसचं बिल दोन महिन्यांचं येतं, कधी अंदाजे रीडिंगचंही. तेव्हा वीस घरांचे मीटर स्वतः वाचलेले बरे.

एकत्र बेरीज करायची तर सगळं युनिटांत आणा: पाइपच्या गॅसचा १ घनमीटर सुमारे १० युनिट, १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे १८०, पेट्रोलचा लिटर ९, डिझेलचा १०. गाड्यांचं इंधन कोणी धड सांगत नाही. पार्किंगमधल्या वीसेक गाड्यांचं किलोमीटरचं रीडिंग एक तारखेला आणि तीस तारखेला घ्या, आणि दुचाकी-चारचाकीचं ॲव्हरेज वेगवेगळं धरून भागा.

कचरा

सलग सात दिवस, घंटागाडी येण्याआधी, हुकाच्या काट्याने वजन करा. रिकाम्या ड्रमचं वजन आधी लिहून ठेवा. ओला, सुका, आणि डायपर-पॅड वगैरे असे तीन रकाने करा. रद्दी-भंगार घंटागाडीत जातच नाही, ते भंगारवाल्याच्या काट्यावरून घ्या. रोजचा कचरा १०० किलोच्या वर असेल तर सोसायटी मोठ्या कचरा-निर्मात्यांत मोडते आणि ओल्याची विल्हेवाट आवारातच लावणं अपेक्षित असतं. चारशे माणसांत ही रेषा बहुधा ओलांडली जातेच.

मोजणीचा आठवडा गणपती, दिवाळीची साफसफाई आणि मे महिना टाळून निवडा. पावसात ड्रम झाकलेले हवेत, नाहीतर तुम्ही पाणी तोलता.

राबिट, म्हणजे तोडफोडीचा-बांधकामाचा मलबा, मात्र आवर्जून लिहा. एका फ्लॅटचं काम निघालं की आत येते सिमेंटची ५० किलोची गोणी, सुमारे तीन किलोची एकेक वीट, आणि वाळू ब्रासने. ब्रास म्हणजे १०० घनफूट, वाळूचं वजन साडेचार टनांच्या आसपास. बाहेर जाणारी फोडलेली लादी आणि प्लास्टर गेटवर गोण्यांनी मोजा, पाच गोण्या तोलून सरासरी काढा. दोन फ्लॅटचं काम एकाच महिन्यात निघालं तर हा रकाना सोसायटीच्या महिन्याभराच्या कचऱ्यापेक्षा जड भरू शकतो, आणि तो महापालिकेच्या कुठल्याच बिलात दिसत नाही.