३१ मार्चचा हिशोब साध्या तक्त्यात भरण्याआधी

सोसायटीची खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली तेव्हा सोबत एक पेनड्राइव्ह मिळाला आणि ‘सगळं सीएसव्हीत आहे, बेरीज आपोआप होते’ असं आश्वासन. पहिल्याच महिन्यात लिफ्ट दुरुस्तीचा खर्च अठरा रुपये दिसला. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर ओळ अशी होती: ‘५ एप्रिल,लिफ्ट दुरुस्ती,१८,५००,चेक’. सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेला तक्ता; त्यात स्वल्पविराम म्हणजे दोन रकान्यांमधली भिंत. त्यामुळे रकमेत गेले १८, ‘कसे दिले’ या रकान्यात ५००, आणि ‘चेक’ बिचारा पाचव्या, मथळाच नसलेल्या रकान्यात. तेव्हापासून वर्षअखेरीला हिशोब भरायला बसण्याआधी काय काय करून ठेवायचं ते ठरलेलं आहे. नव्या खजिनदारांसाठी लिहून ठेवते.

बँकेच्या साइटवरून उतरवलेली मूळ फाइल आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ‘रीड ओन्ली’ करायची. काम नेहमी तिच्या प्रतीवर. ती प्रतसुद्धा एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडायची नाही. पहिला डोळा नोटपॅडमधूनच टाकायचा. कारण एक्सेल उघडता उघडताच स्वतःच्या समजुतीने फाइल सुधारतो. चेक नंबर ०००४१७ असेल तर पुढची शून्यं गळून ४१७ उरतात. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक घातांकात (१.२३E+११ असा) दिसायला लागतो, आणि एक्सेल सीएसव्ही सेव्ह करताना पडद्यावर दिसतं तसंच लिहितो. एकदा सेव्ह केलंत की शेवटचे आकडे कायमचे गेले. म्हणून फाइल आयात करण्याचा रस्ता धरायचा आणि हे रकाने तिथेच ‘टेक्स्ट’ म्हणून सांगायचे. लिब्रे ऑफिस आयातीची खिडकी स्वतःहून समोर आणतं, म्हणून मला ते बरं वाटतं.

मराठी तपशील असतील तर फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, आहे ना, तेही याच वेळी पाहायचं. ₹ हे चिन्ह युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंचात २०१० साली आलं आणि यूटीएफ-८ मध्ये ते तीन बाइट घेतं. वाचणाऱ्याने चुकीचं एन्कोडिंग धरलं की एका ₹ च्या जागी तीन अगम्य अक्षरं उमटतात.

आता रकमा. तक्त्यात रक्कम उघडीच ठेवायची: फक्त आकडे, गरज असेल तर दशांश टिंब, आणि वजा असेल तर पुढे वजा. ₹ नाही, रु. नाही, ‘/-’ नाही, स्वल्पविरामही नाही. चलन कोणतं ते मथळ्यात एकदा लिहायचं: ‘रक्कम रुपये’. लाख-कोटींची मांडणी डोळ्यांसाठी असते, ती छापायच्या वेळी चढवायची. मला सांगणारे भेटतात की अवतरणचिन्हांत घातलं की स्वल्पविराम चालतो. चालतो, सीएसव्हीचे संकेत नोंदवणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या तांत्रिक दस्तऐवजातही तसंच आहे. पण हाताने नोंद करणारा माणूस चाळिसाव्या ओळीला अवतरणचिन्ह विसरतो. इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममधल्या ऑर्ग मोडमध्ये उभ्या रेघांचे तक्ते करणाऱ्यांना वाटतं की रकाना रेघेने तुटतो, म्हणजे आपण सुटलो. तिथेही बेरीज करणारं कॅल्क स्वल्पविरामाला दोन संख्यांमधला विभाजकच समजतं.

जुन्या फाइलमधली चिन्हं काढताना क्रम महत्त्वाचा. मी एकदा ‘शोधा आणि बदला’ करून सगळे ‘रु’ उडवले आणि खूश झाले. ‘रु. ५००’ मधलं टिंब मागे राहिलं, नंतर मोकळ्या जागा काढल्या, आणि उरलं ‘.५००’, म्हणजे पन्नास पैसे. तेव्हा आधी टिंबासकट ‘रु.’ काढायचं, मग नुसतं ‘रु’, मग ‘₹’, मग ‘/-’, शेवटी स्वल्पविराम. वेबपानावरून चिकटवलेल्या रकमांना न तुटणारी मोकळी जागा चिकटून येते. ती दिसते साध्या जागेसारखीच, पण जादा जागा काढणाऱ्या एक्सेलच्या ‘ट्रिम’ला ती जुमानत नाही. ती कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकायची आणि उडवायची. वर्डमधून आलेल्या वजा रकमांपुढे कधी कधी वजाऐवजी लांब डॅश असतो, तोही बदलायचा. आकडे इंग्रजीच ठेवा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा देवनागरी १२५० सुद्धा संख्या म्हणून वाचते, पण सगळीच साधनं इतकी समजूतदार नसतात.

साफसफाई झाली असं वाटलं की लगेच बेरजेवर विश्वास ठेवायचा नाही. ‘सम’ हे फंक्शन मजकूर असलेली घरं मुकाट्याने सोडून देतं, तक्रारही करत नाही. म्हणून रकमेच्या रकान्यावर एकदा ‘काउंट’ आणि एकदा ‘काउंटए’ चालवायचं. पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं रिकामं नसलेलं प्रत्येक घर. मथळा वगळून दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. एकाने जरी फरक असेल तरी कुठेतरी एक रक्कम मजकूर होऊन बसली आहे. रकान्याला मुद्दाम काही संरेखन दिलेलं नसेल तर ती डावीकडे सरकलेली दिसते.

जमा-नावेचं आधी ठरवून घ्यायचं. बँकेच्या उताऱ्यात ‘क्रेडिट’ म्हणजे आपल्या खात्यात आलेले पैसे; आपल्या पुस्तकात तीच रक्कम बँक खात्याच्या नावे (डेबिट) पडते. ऑडिटरशी बोलताना या एका गोष्टीवरून अर्धा तास जातो. मी तक्त्यात एकच रकाना ठेवते, आले ते अधिक, गेले ते वजा. मग पडताळा सोपा: आरंभीच्या शिलकेत हा रकाना मिळवला की अखेरची शिल्लक यायलाच हवी. उताऱ्यात ओळीगणिक शिल्लक दिलेली असते, तीही तपासून घ्यायची: आधीच्या ओळीची शिल्लक अधिक ही रक्कम. काही उतारे नवी नोंद वर ठेवतात, ते आधी उलटे लावायचे.

पैशांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि ऑडिटला तोच छळतो. उन्हाळ्यात टँकरचं १७,५०० रुपयांचं बिल २४ फ्लॅटमध्ये वाटायचं होतं. प्रत्येकी आले ७२९.१६६ आणि पुढे सहाच सहा. पडद्यावर दिसत होतं ७२९.१७, खाली बेरीज १७,५००.००. ऑडिटरांनी कॅल्क्युलेटरवर छापील आकडे मिळवले तर आले १७,५००.०८. त्यांचंही बरोबर, एक्सेलचंही. घराला दोन दशांश स्थळांचं स्वरूप दिलं तरी आतली संख्या तीच राहते. ती खरोखर गोल करायची तर सूत्रातच ‘राउंड’ लावावं लागतं. आणि मग उरणारे आठ पैसे कुठे जाणार तेही आधीच ठरवावं लागतं. आम्ही ‘पूर्णांकन फरक’ नावाचं खातं उघडलंय. सरळ रुपयात गोल करू म्हणाल, तर प्रत्येकी ७२९ धरून चार रुपये कमी पडतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत, पण ऑनलाइन भरणारे सभासद सतरा पैसेसुद्धा इमानेइतबारे पाठवतात.

स्वतः प्रोग्रॅम लिहून बेरजा करणार असाल तर रकमा पैशांत पूर्णांक ठेवा: ७२९.१७ ऐवजी ७२९१७. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ मिळवले की नेमके ०.३ येत नाहीत, शेपटीला कचरा लागतो. कुवेतच्या मंडळाचा हिशोब कोणी ठेवत असेल त्यांनी मात्र शंभराने गुणू नये. दिनारचे हजार फिल्स होतात, दशांश स्थळं तीन.

आता राहिली छपाई. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते आणि ताळेबंद उघड्या आकड्यांत लावला तर कोणी वाचत नाही. छापायची प्रत वेगळी काढायची, स्वल्पविराम आणि ₹ फक्त तिथे. एक्सेलला लाखांची मांडणी विंडोजच्या प्रदेशाच्या सेटिंगमधून मिळते. तिथे भारत निवडायचा. त्याऐवजी इंटरनेटवर फिरणारं, कंसात अटी लिहिलेलं संख्यांचं स्वरूप (फॉरमॅट) चिकटवलंत तर वजा रकमा तपासून घ्या. त्यात लाख आणि कोटी या दोन अटींतच जागा संपते, आणि वजा दीड लाख पुन्हा हजारांच्या मांडणीत जाऊन बसतो. आमच्या नोटीस बोर्डावर तो आठवडाभर तसाच होता.