दौऱ्यावर निघण्याआधी ड्रमरने भरायची बॅग

दौऱ्यात रोज रात्री आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी ड्रमसेटवर बसतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), टॉम (स्टिकने वाजवायचे, तारा नसलेले ड्रम) आणि स्टँड आयोजक देतो, बाकीचं आपलं आपण न्यायचं असतं. म्हणून बॅग भरताना मी एवढंच बघतो, की परका सेट दहा मिनिटांत आपला वाटायला हवा. त्यासाठी हातापायांना ज्याची सवय आहे ते सगळं सोबत हवं: स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम), सिंबल (धातूच्या झांजा), किक पेडल आणि हाय-हॅटचा, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा, क्लच (वरची झांज दांड्याला पकडणारा भाग). सीट नेणं जमत नसेल तर तिची उंची तरी मोजून ठेवा. माझ्या सीटची उंची म्हणजे एक उभी स्टिक आणि वर एक मूठ. सीट दोन बोटं खाली गेली तरी तासाभरात मांडी भरून येते.

पेडलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला माझ्या पेडलची स्प्रिंग तुटली आणि बीटर (किकवर आदळणारा दांडा) मागे यायचाच थांबला. पुढची दोन गाणी किकचे ठोके मी उजव्या हाताने फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमवर) काढले. हाय-हॅट सुटला, गाणं मात्र कसंबसं तगलं. तेव्हापासून एक जादा स्प्रिंग, एक जादा बीटर आणि दोन ड्रम की (ड्रमचे स्क्रू फिरवायच्या किल्ल्या) कायम बॅगेत असतात. एक की तर किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवली आहे. स्नेअरच्या तारा बांधायची दोरीही घ्या. ती तुटली की स्नेअरचा टॉम होतो आणि बॅकबीटचा (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच्या ठोक्याचा) जीवच जातो. फेल्टच्या चकत्या, सिंबलखालच्या नळ्या आणि विंग नट एका डबीत भरा, कारण परक्या स्टँडवर नेमकं हेच गायब असतं.

स्टिक निवडायला वेळ द्या. सपाट टेबलावर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुगडुगते. मग एकेक हलकेच आपटून सारख्या आवाजाच्या जोड्या लावा. रिमशॉट (ड्रमची कड आणि कातडं एकदम वाजवणारा ठोका) आणि हाय-हॅटची कड लाकूड भराभर खातात, त्यामुळे माझ्याकडे दौऱ्याला डझनभर जोड्या असतात.

गालिचा जड वाटतो म्हणून बरेच जण टाळतात. मी कधीच टाळत नाही. प्रत्येक ठोक्याला किक ड्रम पुढे सरकत असतो, आणि गुळगुळीत स्टेजवर अर्ध्या कार्यक्रमात तो पायापासून लांब जातो. शिवाय सरावाच्या वेळीच गालिच्यावर प्रत्येक स्टँडच्या पायाची जागा रंगीत टेपने आखून ठेवली, की तिथे पोहोचल्यावर फक्त स्टँड खुणांवर ठेवायचे. साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला) वेळ कायम कमी पडतो आणि सुरुवात बहुतेकदा किकपासूनच होते, म्हणजे आपल्यापासून.

कानात घालायचे प्लग किंवा इन-इअर (कानातले मॉनिटर) विसरू नका. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो, 100 डेसिबलला मात्र ही मर्यादा 15 मिनिटांवर येते. आपला कार्यक्रम त्याहून कितीतरी लांब असतो.

टॉवेल, पाणी, सुका टी-शर्ट, फोडांसाठी चिकटपट्टी. आणि झोप. बाकीचे थकले तर गाणं ओढलं जातं, ड्रमर थकला तर गाणं पडतं. 1973 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर कीथ मून सेटवरच कोसळला आणि प्रेक्षकांतल्या एका 19 वर्षांच्या मुलाला त्याच्या जागी बसवावं लागलं. असा मुलगा रोज रात्री समोर उभा नसतो. स्टेजवर जायच्या आधी वीस मिनिटं प्रॅक्टिस पॅडवर संथ सिंगल आणि डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताने एकेक आणि दोन-दोन ठोके) वाजवा. मनगटं गार असताना पहिलंच वेगवान गाणं आलं तर कोपरापर्यंत दुखतं.

गाण्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहा, प्रत्येक गाण्यापुढे टेम्पोचा आकडा टाका आणि फ्लोअर टॉमजवळ चिकटवा.

सामान आवरताना सगळं मोजून परत बॅगेत टाका. हाय-हॅटचा क्लच मात्र दोनदा बघा. तोच बहुतेक वेळा दुसऱ्याच्या स्टँडवर राहून जातो, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशीच्या साउंडचेकला.