वंगणाच्या जागी पारा: पीएचडीसाठी हा विषय घेणाऱ्यांना

नागपुरात गणितात एमएस्सी करून पीएचडीला लागलेली मुलं भेटली, की ‘विषय कोणता घेऊ?’ हे विचारतातच. चुंबकीय क्षेत्रातली बेअरिंगं (फिरत्या शाफ्टला आधार देणारे भाग) हा माझा विषय, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

कोराडीच्या वीजकेंद्रातल्या टर्बाइनचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. त्या थरातला दाब रेनॉल्ड्सच्या १८८६ च्या समीकरणावरून काढतात. तापमान फार चढलं की तेल जळतं. तिथे सोडियमसारखा वितळलेला धातू चालतो, पण तो पाण्यासारखाच पातळ, त्यामुळे भार पेलायला कमजोर. धातू विद्युतवाहक असल्यानं थराला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं, की वाहत्या द्रवात वीजप्रवाह तयार होतो आणि लॉरेंट्झ बल (चुंबकीय क्षेत्रातल्या प्रवाहावर लागणारं बल) द्रवाला अडवतं. द्रव फटीतून सावकाश निसटतो, दाब वाढतो.

किती वाढतो, हे हार्टमन अंक सांगतो. क्षेत्र गुणिले थराची जाडी, गुणिले (वाहकता भागिले श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा) या एवढ्याच भागाकाराचं वर्गमूळ. या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेण्याआधी हा अंक स्वतः काढा. पारा, २५ मायक्रॉनचा थर, १ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र: उत्तर ०.६५ च्या आसपास. दोन समांतर पाट्यांमधल्या स्क्वीझ फिल्मची (पाट्या जवळ येताना दाबला जाणारा द्रवाचा थर) भारक्षमता एवढ्यानं जेमतेम चार टक्के वाढते, तीही प्रवाहाला बाहेरून मोकळी वाट असेल तर. याच थरात अंक ५ हवा असेल तर सात-आठ टेस्ला लागतील. शोधनिबंधातल्या आलेखात ५ लिहायला काहीच लागत नाही, म्हणून हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, बाहेरचं सर्किट. अंक २ घ्या. प्रवाहाला बाहेरून मोकळी वाट दिली (विद्युतक्षेत्र शून्य), तर त्याच पाट्यांची भारक्षमता साधारण ४० टक्के वाढते. सर्किट उघडं ठेवलं (प्रवाहाला बाहेर वाटच नाही), तर फक्त साडेसहा. द्रव तोच, चुंबक तोच. निबंधात ही अट स्पष्ट लिहिलेली नसेल, तर त्यातल्या आकड्यांवर पुढचं काम उभारू नका. दोन्ही अटींची सूत्रं हातानं सोडवा आणि अंक शून्याकडे नेला की रेनॉल्ड्सच्या समीकरणातला, चुंबक नसतानाचा ‘जाडीचा घन भागिले १२’ हा गुणक परत मिळतो का, ते तपासा.

प्रयोगाची हौस असेल तर विषारी पाऱ्याऐवजी गॅलियम बघा. ते ३० अंशांच्या किंचित आतच वितळतं. आपल्या मे महिन्यात टेबलावर ठेवलं तरी द्रव होतं. फक्त पाट्या ॲल्युमिनियमच्या नकोत, गॅलियम त्यात शिरून त्यांना ठिसूळ करतं.