माळ्यावरचा रोलचा कॅमेरा पुन्हा चालू करताना

फिल्मचा जमाना गेला असं समजून सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत कॅमेरे माळ्यावर गेले. फिल्म मात्र अजून बनते. २०१० च्या अखेरीला कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची धुलाई कायमची बंद झाली, पण २०१८ मध्ये कोडॅकचीच एक्टाक्रोम परत आली आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने '१७' हा नवा फिल्म कॅमेरा आणला. खरी टंचाई चालू स्थितीतल्या कॅमेऱ्यांची आहे. इलेक्ट्रॉनिक शटरची (शटर म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारा पडदा) जुनी सर्किटं आता बनत नाहीत. एक गेलं की दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यातूनच काढावं लागतं. म्हणून घरात दोन कॅमेरे असतील तर पूर्ण यांत्रिक शटरचा आधी दुरुस्त करा: झेनिट, पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम २. यांचं शटर सेलशिवाय चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला.

पुराचं पाणी शिरलेला कॅमेरा (२०१९ नंतर सांगलीत असे बरेच आहेत) मात्र सुरुवातीला फिरवून बघू नका. वाळलेला गाळ गिअरमध्ये वाळूसारखा घासतो. तो तसाच मेकॅनिककडे द्या.

बाकीच्यांचं आधी सेलचं झाकण उघडा. पत्तीवर हिरवट-पांढरं साचलं असेल तर कानकाडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. जुन्या काही मीटरना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. त्याजागी १.५ व्होल्टचा घातला की बरेच मीटर उजेड जास्त दाखवतात आणि फोटो काळपट येतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो. तो खाचेत घट्ट बसेल अशी रिंग घाला. स्टिकर काढल्यावर तो काही आठवड्यांतच उतरतो, हे धरून चाला.

मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबा. डांबरासारखा चिकटला तर तो मेला. दातकोरणीने खरवडा, उरलेला अल्कोहोलच्या बोळ्याने काढा. कॅमेरा पालथा धरा म्हणजे भुगा शटरच्या पडद्यावर पडणार नाही. बिजागरीपाशी दीड-दोन मिलिमीटरचा काळा फोम लावा, अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागाही चालतो. आरशाला आणि फोकसिंग स्क्रीनला अल्कोहोल लावू नका. आरशाचा मुलामा वरच्याच बाजूला असतो, एका पुसण्यात ओरखडे येतात.

शटर कानाने तपासता येतं, पण मोबाईलने चांगलं. लेन्स काढा, झाकण उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मागून सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. १/३० सेकंदाच्या वेगाला उजेड साधारण ८ फ्रेम दिसला पाहिजे, १/८ ला ३०. १ सेकंदाला दोन सेकंद लागत असतील तर आतलं तेल घट्ट झालंय. वरून शिलाई मशीनचं तेल सोडणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण ते पसरून पडद्यांवर आणि अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर जातं.

लेन्समधून टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. चामडं ओल सोडत नाही. केस वेगळी ठेवा, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

रोल भरल्यावर एक खूण बघा: लिव्हर ओढताना डावीकडचा रिवाइंड नॉब फिरला पाहिजे. फिरला नाही तर फिल्म सरकतच नाही. पहिला रोल चाचणीसाठी खर्च करा. स्वच्छ उन्हात, २०० आयएसओच्या रोलवर, एकाच भिंतीचे फोटो घ्या: एफ १६ ला १/२५०, एफ ११ ला १/५००, एफ ८ ला १/१०००, एफ २२ असेल तर १/१२५. चौघांनाही प्रकाश सारखाच मिळतो, म्हणून निगेटिव्हही सारख्याच गडद हव्यात. जी वेगळी, तो वेग किंवा ते अ‍ॅपर्चर चुकतंय.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुता येतो. एचपी ५ प्लस या फिल्मला डी-७६ हा डेव्हलपर न पातळ करता २० अंशांना साडेसात मिनिटं. एप्रिलमध्ये सांगलीत टाकीचं पाणी तिशीच्या घरात जातं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवा. २४ अंशांना वेळ सव्वापाच मिनिटांच्या आसपास येतो. पाचाच्या खाली जाऊ नका, डेव्हलपर असमान लागतो. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं फिक्सर) आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात फार फरक नको. बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने करा.

धुतलेला रोल उजेडाला धरून आधी कडेचे छापील आकडे वाचा. आकडे ठळक आणि फ्रेम फिक्या, तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. आकडेही फिके, तर धुण्यात चूक. आकडे ठळक आणि फ्रेमच नाहीत, तर रोल सरकला नाही किंवा शटर उघडलंच नाही. आकडेसुद्धा नाहीत, तर बहुधा डेव्हलपरच्या आधी हायपो गेला.