अ‍ॅस्ट्रोसॅटच्या डेटात गॅमा-रे बर्स्ट कसा शोधायचा, कसा मोजायचा

अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल-निरीक्षणाचा उपग्रह 28 सप्टेंबर 2015 ला अवकाशात गेला आणि त्यावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण डिटेक्टरने 6 ऑक्टोबरला, चालू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, गॅमा-रे बर्स्ट, म्हणजे दूर अवकाशातून येणारा गॅमा किरणांचा झोत, पकडला. या डिटेक्टरचं काम पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतून चालतं, डेटा इस्रोच्या साइटवर रजिस्टर करून मिळतो, मग घरी बसून करून बघायला काहीच हरकत नाही. सरावाला एखादा तगडा बर्स्ट घ्या, 21 ऑगस्ट 2016 चा जीआरबी 160821ए मस्त आहे.

फाइलमध्ये प्रत्येक फोटॉनची वेळ, पिक्सेल आणि एनर्जी असते. आधी सफाई. कॉस्मिक रे सॅटेलाइटच्या अंगावर आदळला की कणांचा फवारा उडतो आणि एकदम ढीगभर इव्हेंट येतात, ते काढा, बडबडे (उगाच सिग्नल देत राहणारे) पिक्सेल काढा, साउथ अटलांटिक अॅनोमली (दक्षिण अटलांटिकवरचा भारित कणांनी भरलेला भाग) इथून जातानाचा वेळही टाकून द्या. आयुकाचं सॉफ्टवेअर यातलं बरंचसं स्वतःच करतं.

आता एकेक सेकंदाचे बिन (कप्पे) पाडून लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार काउंटचा आलेख, काढा. समजा बॅकग्राउंड (बर्स्ट नसतानाही येणारी मोजणी) सेकंदाला 400 काउंट आहे, तर चढउतार साधारण 400 च्या वर्गमुळाएवढा म्हणजे 20, त्यामुळे 460 दिसलं की तीन सिग्मा (या चढउताराच्या तिप्पट) झालं आणि लगेच उड्या माराव्याशा वाटतात, पण थांबा, दिवसात 86,400 सेकंद असतात आणि तेवढ्या बिनांत तीन सिग्माचे शंभरेक उंचवटे नुसत्या योगायोगाने येतात! म्हणून डिटेक्टरच्या चारही क्वाड्रंटचे आलेख वेगवेगळे काढा. हे चार भाग स्वतंत्र मोजतात, एकातच उंचवटा असेल तर बहुतेक वेळा गडबड तिथल्याच पिक्सेलची, चारींत एकाच सेकंदाला आला तर खरंच काहीतरी आलंय. मग त्या वेळी फर्मी किंवा स्विफ्ट या बर्स्ट टिपणाऱ्या नासाच्या उपग्रहांनाही काही दिसलं का ते बघा.

मोजताना टी-90, म्हणजे बर्स्ट किती वेळ टिकला ते, काढायचा. बर्स्टच्या आधीचा आणि नंतरचा भाग घेऊन बॅकग्राउंडची वक्ररेषा बसवा, ती वजा करा, उरलेले काउंट मिळवत जा, आणि एकूण काउंटचे 5 टक्के भरले तिथपासून 95 टक्के भरेपर्यंतचा वेळ म्हणजे टी-90. माझ्या मते सगळी मेहनत बॅकग्राउंडवर घ्यावी, कारण ते जरा तिरकं बसलं तरी बर्स्टची शेपटी उगाच लांबते किंवा गायब होते. दोन सेकंदांच्या आतला तो शॉर्ट, बहुतेक न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतला, वरचा लाँग, मोठा तारा कोसळल्याचा, पण 2021 चा जीआरबी 211211ए लांबलचक असूनही त्यात किलोनोव्हा (न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतरची चमक) दिसला, तेव्हा नुसत्या वेळेवरून निकाल देऊ नका.

खरी ऊर्जा काढायला दिशा लागते. साधारण 100 केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं माप) याच्या वर डिटेक्टरच्या बाजूच्या भिंती पारदर्शक होतात, फोटॉन कुठूनही आत येतात, त्यामुळे दिशा फर्मी-स्विफ्टकडून घ्या. दुसऱ्यांना दिसलेला बर्स्ट तुमच्या डेटात नसेल तर पृथ्वी मधे होती का ते आधी तपासा, 17 ऑगस्ट 2017 च्या, गुरुत्वीय लहरींसोबत आलेल्या त्या प्रसिद्ध बर्स्टला अ‍ॅस्ट्रोसॅटच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं.