कासेखाली उभं आहे म्हणजे पितंय असं नाही

'एक-दोन-तीन' तुम्हाला पाठ असेलच: तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत पिणं सुरू, तीन तासांत घोडीची वार, म्हणजे गर्भाचं आवरण, बाहेर. वार अडकली तर ओढायची नाही, डॉक्टरला फोन. पडलेली वार फेकायची नाही. ती पुरती आली का, हे त्यांना बघायचं असतं. विताना पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आली तर मात्र कुणाची वाट बघू नका. ती तिथल्या तिथे फाडा, शिंगराचा प्राणवायू तुटलेला असतो.

नवे लोक फसतात ते 'पिणं' या एका शब्दावर. शिंगरू कासेखाली तोंड घालून उभं, शेपूट हलतेय, चुकचुक आवाजही येतोय. मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा, म्हणतो, पितंय की! मान्य करू नका. आधी कपाळ बघा. तिथे दूध वाळलेलं असेल तर घोडीचा पान्हा त्याच्या डोक्यावर गळतोय, पोटात जात नाहीये. मग कासेला हात लावा. नीट पिणारं शिंगरू पहिल्या आठवड्यात तासाला पाच-सात वेळा पितं, त्यामुळे कास सैल असते. ताठ, गरम, थेंब गळणारी कास म्हणजे धोक्याची घंटा. शेवटी गळ्याच्या डाव्या बाजूने घोट उतरताना दिसतोय का, ते बघा. नाकातून दूध आलं तर पाजणं तिथेच थांबवा.

एवढी किरकिर कशासाठी? घोडीच्या वारेतून शिंगराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती फक्त चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि साधारण चोवीस तासांत संपते. पन्नास किलोच्या शिंगराला पहिल्या सहा तासांत निदान एक लिटर चीक हवा, तोही अडीचशे-तीनशे मिलिलिटरच्या टप्प्यांनी. घोडी विण्याआधीच दिवसभर गळत असेल तर चीक वाया गेला असं धरून चाला. अठरा ते चोवीस तासांत रक्तातलं आयजीजी, म्हणजे हीच चिकातून आलेली रोगप्रतिकारक द्रव्यं, तपासून घ्या: ८०० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निर्धास्त, ४०० च्या खाली असेल तर डॉक्टरकडून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) द्यावा लागतो.

गाभण घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणणाऱ्यांना एक सांगणं: विण्याआधी निदान महिनाभर ती तुमच्या तबेल्यात असावी, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची शक्ती चिकात उतरते.

बाटलीने दूध पाजण्याबद्दल माझं मत कडक आहे. अर्धवट शुद्धीतल्या शिंगराला बाटली लावणं म्हणजे दूध फुप्फुसात ओतणं. आधी बोट तोंडात घाला: जीभ गरम आणि चोखणं जोरदार हवं. अंग ३७ अंशांच्या खाली गार असेल तर दूध नाहीच. आधी कोरडं पुसा, कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लावा, तोवर हिरड्यांना थोडा मध चोळा. नळीने पाजणं डॉक्टरचं काम आहे, व्हिडिओ बघून शिकायचं नाही.

ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही, असंही समजू नका. बऱ्याचदा अंग गारच असतं. जास्त झोपणं आणि कमी पिणं एवढंच आधी दिसतं. सकाळपर्यंत बघू, हा विचार इथे महाग पडतो.

कुंथण्याचा प्रकारही ओळखा. पाठ कमानीसारखी असेल तर जन्मानंतरची पहिली काळी लीद अडकलीय; तयार फॉस्फेट एनिमा (गुदद्वारातून द्यायचं औषध) एकदाच द्या, पुन्हा दिला तर फॉस्फेटची विषबाधा होऊ शकते. पाय ताणून कुंथतंय, लघवी थेंबथेंब आणि दुसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगलेलं असेल तर मूत्राशय फाटल्याची शंका घ्या, नर शिंगरात विशेष. हिरड्या पिवळ्या, लघवी गडद: आईच्या चिकातली द्रव्यंच त्याच्या रक्तपेशी फोडत असतील. त्याला पळवू नका, डॉक्टर लगेच.

आणि हो, उभं राहताना चार वेळा पडलं, किंवा पायांचे सांधे मागे ढिले टेकतायत, म्हणून घाबरू नका. हे ढिलेपण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप आवळतं. नाडी शंभर लागली तरी पहिल्या आठवड्यात ते ठीकच आहे.