आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याला निघण्याआधी

जाकिटं, बूट, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यांची यादी कुणीही करून देईल. दक्षिण आइसलँडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरणार असाल, तर यादीत सर्वांत वर फोन लिहा. धोका निर्माण झाला की तिथलं नागरी संरक्षण खातं त्या भागातल्या टॉवरशी जोडलेल्या मोबाइलवर संदेश पाठवतं, आणि तो पाहुण्यांनाही मिळतो. म्हणून रोमिंग बंद ठेवून हॉटेलच्या वायफायवर दिवस काढायची काटकसर इथे नको. स्थानिक सिम घ्या, गाडीत चार्जर ठेवा आणि 112 नावाचं ॲप निघण्यापूर्वीच उतरवून घ्या. 112 हाच तिथला आपत्कालीन क्रमांक. ॲपमधून मदत मागितली की तुमचं ठिकाणही सोबत कळतं.

मग तीन संकेतस्थळं फोनमध्ये साठवा: हवामानासाठी वेदुर डॉट आयएस, रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस आणि प्रवाशांसाठीच्या सूचनांचं सेफट्रॅव्हल डॉट आयएस. रोज सकाळी चहा घेतानाच ती पाहून घ्या, गाडीत बसल्यावर नव्हे. तिथल्या हवामान खात्याकडे वारा-पावसाबरोबर भूकंप, ज्वालामुखी, हिमनद्या, नद्यांचे पूर आणि हिमस्खलन हे सगळं एकत्र आहे. 1995 मध्ये सूदाविक आणि फ्लातेरी या दोन लहान गावांवर हिमकडे कोसळून 34 माणसं गेली, त्यानंतर हिमस्खलनाच्या धोक्याचं काम या खात्याकडे आलं. वाऱ्या-वादळाचा इशारा पिवळा, नारिंगी किंवा लाल असतो. नारिंगी दिसला की त्या दिवशी मुक्काम हलवू नका. आरक्षणाचे पैसे बुडतील, बुडू द्या. ज्वालामुखींनाही रंग दिलेले असतात, पण ते विमानवाहतुकीसाठी आहेत. दोन्हींची गल्लत करू नका.

आता नद्या. माझ्या मते तयारीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. देशाचा सुमारे दहावा हिस्सा बर्फाखाली आहे आणि त्या बर्फाखाली जागते ज्वालामुखी आहेत. वीक गावामागच्या मीरदाल्सयोकुत्ल या हिमटोपीखाली कात्ला आहे, तिचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा. उद्रेक झाला नाही तरी जमिनीतल्या उष्णतेने बर्फ तळातून वितळतो, पाणी साठत जातं आणि एक दिवस ते हिमनदीखालून वाट काढतं. जुलै 2011 मध्ये अशाच पुराने मुलाक्विस्ल नदीवरचा पूल नेला आणि देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता तुटला. असं पाणी खोलातली खनिजं आणि वायू घेऊन येतं, त्यामुळे नदीची विद्युतवाहकता वाढते. नद्यांमधली उपकरणं ती सतत मोजत असतात आणि हवामान खात्यात रात्रंदिवस कुणीतरी ते आकडे पाहत असतं. हिमनदीतून येणाऱ्या नदीकाठी सडक्या अंड्यासारखा वास आला, पाणी अचानक गढूळ झालं किंवा चढू लागलं, तर फोटो न काढता तिथून निघा आणि उंचावर जा. हॉटेलच्या गरम पाण्यालाही थोडा तसाच वास येतो, कारण ते जमिनीतून आलेलं असतं. तिथे घाबरायचं कारण नाही. वीकमध्ये राहणार असाल, तर पोहोचल्याच दिवशी टेकडीवरच्या चर्चपर्यंत चालत जाऊन या. कात्लाचा पूर आला, तर गावकरी तिथेच जमतात.

पुढे स्केदरारसांदुरच्या काळ्या वाळूच्या मैदानात रस्त्याकाठी लोखंडी तुळयांचे वाकलेले तुकडे दिसतील. तिथे थांबाच. 1996 च्या शरदात वात्नायोकुत्ल या हिमटोपीखाली उद्रेक झाला, वितळलेलं पाणी महिनाभर ग्रिम्सव्योत्नच्या बर्फाखालच्या सरोवरात साठत राहिलं आणि 5 नोव्हेंबरला बाहेर पडलं. त्या पुराने मोडलेल्या पुलाचे हे तुकडे. खात्यांना पूर येणार हे माहीत होतं, रस्ता आधीच बंद होता, म्हणून माणसं वाचली. तिथलाच आणखी एक पूल पुरातून तगला, पण पुढे हिमनदी इतकी मागे सरली की 2009 मध्ये स्केदरा नदीने वाटच बदलली आणि देशातला सर्वांत लांब पूल जवळजवळ कोरड्या वाळूवर उभा राहिला. तापमानवाढीबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण नदीने सोडून दिलेल्या त्या पुलाइतकं स्वच्छ काहीच सांगत नाही. म्हणूनच जुन्या नकाशांवर आणि जुन्या प्रवासवर्णनांवर भरवसा ठेवू नका. पाच वर्षांपूर्वी ज्या जागेवरून बर्फावर पाऊल टाकता येत होतं, तिथे आज तळं असू शकतं. हिमनदीवर जायचं तर वाटाड्या घेऊनच. बर्फाच्या गुहा हिवाळ्यातच पाहा: 25 ऑगस्ट 2024 रोजी ब्रेदामेरकुरयोकुत्ल या हिमनदीत बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला.

विमानतळ ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर आहे, तिथे 2021 पासून अनेक उद्रेक झाले आहेत. भूकंप आणि जीपीएसच्या मोजमापांतून खाली सरकणारा शिलारस दिसला, म्हणून 10 नोव्हेंबर 2023 च्या रात्री ग्रिंदाविक गाव रिकामं केलं गेलं. लाव्हा वर आला तो 18 डिसेंबरला. उद्रेक चालू असेल, तर वायूचा अंदाज पाहा, दम्याचं औषध जवळ ठेवा आणि थंड दिसणाऱ्या नव्या लाव्ह्यावर पाय ठेवू नका.

रेनिसफ्यारा किनाऱ्यावरचे बेसॉल्टचे खांब पाहून अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवेल, तोही लाव्हाच. मात्र समुद्राकडे पाठ करू नका, तिथली लाट न सांगता वर येते. इशाऱ्याचा दिवा लाल असेल, तर पाण्याजवळ जाऊच नका.

गाडी घेताना वाळू आणि राखेचा विमा वेगळा असतो, तो विचारा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार धरूनच उघडा, कारण वारा दार मोडतो. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. पाणी, खाऊ आणि ब्लँकेट मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नको. छत्री घरीच राहू द्या. प्रवास विम्यात राखेमुळे रद्द झालेली उड्डाणं धरली आहेत का, ते लेखी विचारून घ्या. 2010 मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश कित्येक दिवस बंद ठेवलं होतं. शेवटी, रोजचा मार्ग आणि गाडीचा क्रमांक सेफट्रॅव्हलवर नोंदवा, तोच घरच्या एखाद्या माणसाला पाठवा, आणि तुमच्याकडून निरोप आला नाही तर किती वाजता आइसलँडच्या आपत्कालीन सेवेशी संपर्क साधायचा, हेही त्याच्याशी ठरवून ठेवा.